घरी देव, शाळेत पाणी

मेश्राम बाईंच्या पर्समध्ये कायम दोन रुमाल असायचे. एक स्वतःचा घाम पुसायला आणि दुसरा थोर बायकांची कपाळं पुसायला.

गंमत नाही करत. नागपूरच्या सदरमधली आमची मुलींची शाळा जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या बाबतीत फार हौशी. वऱ्हांड्यात थोर स्त्रियांच्या तसबिरींची अख्खी ओळच आहे. जिचा दिवस असेल तिची तसबीर खाली काढायची, टेबलावर मांडायची, हार घालायचा, समई लावायची. मग पाहुणे तबकातलं कुंकू बोटावर घेणार आणि काचेवर, बरोबर त्या बाईच्या कपाळाच्या जागी, टेकवणार. ही मांडामांड माझ्याकडे, कारण मी चित्रकलेची शिक्षिका, आणि आमच्याकडे चित्रकला म्हणजे फलक, रांगोळी आणि तसबिरी. मी नोकरीला लागले तेव्हाच्या पहिल्याच जयंतीला एक बडे पाहुणे आले होते. त्यांनी कुंकू लावलं, डोळे मिटून हात जोडले, टाळ्या पडल्या. तेवढ्यात शिक्षकांच्या रांगेतून एक ठेंगणी, सावळी, खळ घातलेल्या सुती साडीतली बाई उठली, टेबलापाशी गेली, पर्समधून रुमाल काढला आणि काच लख्ख पुसली.

"यांनी लावणं सोडलं होतं, साहेब," ती पाहुण्यांना म्हणाली. "त्याच्यापायी शिव्या खाल्ल्या बिचारीनं. आता तुम्ही काहून लावून राहिले?"

पाहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मुख्याध्यापिकांनी घाईघाईनं स्वागतगीत पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मी हळूच शेजारणीला विचारलं, "या कोण?"

"मेश्राम बाई. इतिहास. होईल सवय," ती म्हणाली.

मला काही ती सवय झाली नाही. प्रत्येक जयंतीला रुमाल निघेल म्हणून मी धास्तावायचे, आणि खरं सांगायचं तर तो निघावा म्हणून वाटही पाहायचे.

आधीच सांगून टाकते, या लेखात मी त्या थोर बायकांपैकी एकीचंही नाव घेणार नाही. घेतलं की लोक मजकूर सोडून नावावर भांडत बसतात. हल्ली प्रत्येक नावामागे कुणी ना कुणी दंड थोपटून उभंच असतं. शिवाय ही पद्धत मेश्राम बाईंचीच. त्यांच्या वर्गात नाव शेवटी यायचं.

वर्गात शिरल्या की छत्री टेबलावर आडवी ठेवायच्या. उन्हाळा असो, पावसाळा असो, छत्री हातात असायचीच. आणि थेट सुरुवात. "एक बाई होती. उपास करायची. कोणाच्या नावानं? कुणापुढं वाकायची? कुणापुढं वाकली नाही? काय सोडलं तिनं? अन् सोडतो म्हणून काय सोडवलं नाही तिच्यानं?" मुली अंदाज बांधत बसायच्या. रोजे ठेवणारी आणि तरी पडदा बाजूला सारून हुकूम सोडणारी एखादी बेगम निघायची. जुना धर्म टाकून नव्यात गेलेली आणि तिथल्या मोठ्यांशीही तेवढ्याच जोरात भांडलेली एखादी विदुषी निघायची. एखादी रोज देवळात जाणारी, पण जन्मात नवस न बोललेली. नाव सांगितलं की वर्गात "अय्या!" व्हायचं, कारण ती बाई पुस्तकातल्या चित्रात भलतीच दिसायची.

"लढाया अन् सनावळ्या पुस्तकात आहेत, त्या पाठ करा," त्या म्हणायच्या. "पण ती बाई एकटी असताना कोणाले हाक मारायची, की कोणालेच नाही, हे समजल्याशिवाय ती समजली म्हणू नका."

आणि त्यांचं ते ठेवणीतलं वाक्य. उत्तर गुळमुळीत आलं, कुणी थोर बाईला उगाच हळद लावून उजळ करायला लागलं, की छत्रीचं टोक टेबलावर आपटायच्या. "होतं ते सांग. बरं दिसते ते नको सांगू."

माणसांना नावानं हाक मारायची त्यांना सवय नव्हती. ज्या गावची, ज्या वस्तीची, तेच नाव. मी कामठीहून शेअर ऑटोनं यायचे, घरात हातमाग आणि नंतर पॉवरलूम, म्हणून मी 'कामठी'. "काय वं कामठी, आज उशीर? लूमचा पट्टा तुटला का?" मराठीच्या जोग मॅडम महाल भागात राहायच्या, त्या 'महाल'. मुख्याध्यापिकाही त्यातून सुटल्या नव्हत्या. मेश्राम बाईंचा चहा मात्र कायम बशीतूनच. कुणी कप पुढे केला की म्हणायच्या, "कपात चहा गरम राहते, बशीत गप्पा गरम राहतात." याला काही अर्थ नव्हता, पण आम्ही सगळ्या हसायचो.

त्यांच्याविषयी बाहेर एक समज पसरला होता की ही बाई देवाधर्माच्या विरोधात आहे. तो किती खोटा होता हे जोग मॅडमना विचारा. जोग मॅडम सुधारक विचारांच्या, मनानं लाख चांगल्या. महिला दिनासाठी त्यांनी एका राणीवर नाटुकलं लिहिलं. राणी भटजींना खडसावते, सरदारांना जागा दाखवते, शेवटी तलवार उपसून भाषण. तालीम पाहायला मेश्राम बाई येऊन बसल्या. संपल्यावर सगळ्या टाळ्या वाजवतायत आणि यांचा प्रश्न, "पूजा कुठं गेली?"

"कसली पूजा?" जोग मॅडम म्हणाल्या.

"राणीची. सकाळचा सारा वेळ देवापुढं जायचा तिचा. ते काहून कापलं?"

"अहो, मुलींपुढे आजच्या काळातली राणी ठेवायची आहे. आणि तुम्ही, मेश्राम बाई, तुम्ही तरी पूजेचा आग्रह धरू नका!"

"मी काहून नको धरू? पूजा माझी आहे का? तिची आहे. तिनं देव मानला अन् देव मानून राज्य केलं. तुम्हाले देव नको असन तर तुम्ही नका मानू. तिच्या हातातून काहून हिसकून राहिल्या?"

आठवडाभर दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. पण जोग मॅडम प्रामाणिक. त्यांनी प्रवेश पुन्हा लिहिला. महिला दिनाला पडदा उघडला तेव्हा राणी झालेली आठवीतली मुलगी पाटावर बसून फुलं वाहत होती, आणि मागे उभ्या सरदारांना मान न वळवता हुकूम देत होती. एका हातात घंटी, तोंडात लगानाचा हिशेब. मधूनच एका सरदाराला दरडावून लगेच देवाला नमस्कार. सभागृह हसलं. शेवटच्या तलवारीच्या भाषणाला जेवढी टाळी पडली, तेवढी आमच्या शाळेत आजवर कुणी घेतली नव्हती. बाहेर आल्यावर मेश्राम बाईंनी जोग मॅडमच्या पाठीवर धपाटा घातला. "महाल, आता जित्ती झाली ती."

परक्या घरच्या बायकांबद्दल खरं बोलणं सोपं. स्वतःच्या घरच्या बाईबद्दल बोलायची वेळ आली तेव्हाही त्यांनी सूट दिली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांची आई छप्पन्न साली दीक्षाभूमीवर उभ्या राहिलेल्यांपैकी. बिड्या वळून संसार केला, वस्तीतल्या बायकांना एकत्र केलं, पोरींना शाळेत घालायला घराघरात जाऊन भांडली. ती गेल्यावर इंदोऱ्याच्या विहारात वस्तीतल्या मोठ्या बायकांच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता. फलक रंगवायला मला नेलं होतं. मेश्राम बाई बोलायला उभ्या राहिल्या. आई कशी पांढरं लुगडं नेसून निघाली, परत आल्यावर तिनं घरातले देव एका फडक्यात बांधून कसे नदीत सोडले, सगळं सांगितलं. लोक माना डोलवत होते. मग त्या म्हणाल्या, "त्याच्यानंतर माझ्या धाकट्या भावाले माता निघाल्या. अंगभर फोड. ताप उतरेना. तवा आईनं दाराले कडुनिंब बांधला अन् माता मायचं नाव घेत बसली."

विहारात कुजबुज सुरू झाली. पुढच्या ओळीतले एक गृहस्थ उठलेच. "ताई, हे इथं सांगायचं काय कारण? स्वतःच्या आईची बदनामी करून राहिल्या तुम्ही."

"बदनामी?" बाईंचा आवाज चढला. "पोरगं मरते का जगते म्हणून घाबरेल माय, तिच्या तोंडातून जुनं नाव निघालं, ही बदनामी? पोरगं बरं झालं तवा तिनंच कडुनिंब ओढून फेकला अन् इथं येऊन वंदनेले बसली. दोन्ही तिनंच केलं. देव नदीत सोडणं किती कठीण होतं, हे तुम्हाले त्या कडुनिंबावरूनच समजन. मी माझ्या आईले घासूनपुसून नाही मांडणार. ती काही भांडं नव्हती."

गृहस्थ बसले. मागच्या बाजूला चटईवर बसलेल्या म्हाताऱ्या मात्र एकमेकींकडे पाहत होत्या, आणि त्यातली एक पदरानं डोळे टिपत होती.

आता माठाचं सांगायला हवं, कारण सगळं येऊन ठेपलं ते त्या माठावर.

आमच्या शाळेच्या सभागृहात समोरच्या भिंतीत कमानीचा मोठा कोनाडा आहे. शाळा काढली त्या बाईंना सगळे 'थोरल्या बाई' म्हणायचे. बालविधवा. नवऱ्याचा चेहराही धड आठवत नव्हता म्हणे. घरच्यांशी वैर घेऊन त्यांनी मुली जमवल्या, इमारत उभी केली. गवंड्याला वाटलं, एवढा सुरेख कोनाडा सांगतायत तर देव बसणार. त्यानं कमानीवर वेलबुट्टीही काढली. इमारत झाल्यावर थोरल्या बाईंनी त्यात पाण्याचा माठ आणून ठेवला आणि एकच पेला. सगळ्या जातींच्या मुलींनी त्याच माठातून, त्याच पेल्यानं प्यायचं. त्यापायी निम्म्या मुली शाळा सोडून गेल्या. थोरल्या बाईंनी माठ हलवला नाही.

मेश्राम बाई याच शाळेत शिकल्या. नाव घालायला त्यांची आई आली, तेव्हा ती ऑफिसात गेलीच नाही. आधी सभागृहात गेली, कोनाड्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "मले पाणी पायजे." तिथे म्हाताऱ्या थोरल्या बाईच बसल्या होत्या. त्यांनी पेला भरून पुढे केला. आईनं विचारलं, "वरून पिऊ का तोंड लावून?" थोरल्या बाई म्हणाल्या, "तोंड लावून. पेला आहे तो." आई पाणी प्यायली, तिनं पेला उपडा केला, आणि मग पोरीचा हात धरून ऑफिसात गेली. हा प्रसंग सांगताना मेश्राम बाई दर वेळी हातानं पेला उपडा करून दाखवायच्या.

नोकरीला लागल्यापासून शाळेत पहिलं पाऊल त्यांचं आणि माठात पहिली कळशी त्यांची. शाळेत थंड पाण्याचं मशीन आलं तरी माठ भरायचा सुटला नाही. मुलीही उन्हाळ्यात मशीन सोडून माठापाशीच गर्दी करायच्या.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी संस्थेचे नवे सचिव आले, धोटे साहेब. काटोलकडचे शेतकरी घराण्यातले, माणूस वाईट नव्हता. गळकं छप्पर त्यांनीच खटपट करून दुरुस्त करून घेतलं. त्यांच्या मनात आलं की एवढा देखणा कोनाडा माठात वाया चाललाय. तिथे विद्येच्या देवीची संगमरवरी मूर्ती बसवावी. मूर्ती द्यायला देणगीदारही तयार होते. शिक्षकांच्या सभेत त्यांनी हे मांडलं आणि सगळ्यांनी माना हलवल्या. एकटीची हलली नाही.

"नाही," मेश्राम बाई म्हणाल्या. "तो कोनाडा थोरल्या बाईंनी पाण्यासाठी बांधला."

"अहो बाई, थोरल्या बाई किती देवभक्त होत्या, साऱ्या नागपूरला माहीत आहे," धोटे साहेब हसून म्हणाले. "त्यांना आनंदच होईल."

"होत्याच देवभक्त. मी त्यांच्या घरी गेली आहे लहानपणी. मोठं देवघर, चंदनाचा वास, दोन-दोन तास उठायच्या नाहीत पाटावरून. मी विचारलं होतं त्याईले, शाळेत देव काहून नाही? त्या म्हणाल्या, 'घरी देव आहे, शाळेत पाणी आहे.' एवढंच म्हणाल्या. ज्या बाईनं सारा जन्म देव मानला, तिनं देवाच्या जागी माठ ठेवला, त्याले काही तरी कारण असन ना? तुम्ही तिची भक्ती ठेवून राहिले अन् तिचं डोकं काढून टाकून राहिले."

तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून कुणीतरी पुटपुटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं. "देवी खुपणारच. त्यांच्यात चालत नाही ना."

मेश्राम बाई वळल्या. ओरडल्या नाहीत, छत्रीही आपटली नाही.

"मोठ्यानं बोल ना. 'त्यांच्यात' म्हणजे कोणात?"

मागच्या खुर्च्यांवर कुणीतरी वही उघडून काही लिहायला लागलं.

"मले देवी खुपत नाही," त्या म्हणाल्या. "मले खोटं खुपते." आणि पर्स उचलून बाहेर गेल्या.

ठराव मंजूर झाला. आणि धोटे साहेबांनी दिवस निवडला अक्षय तृतीयेचा, आमच्याकडची अखजी. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, कुणाला विचारायला नको. चूक झाली ती इथे.

बाहेरच्यांसाठी सांगते, अखजीला आमच्या भागात घरोघर नवी घागर पाण्यानं भरतात, गेलेल्या माणसांच्या नावानं. ऐन उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असेल, ही त्यामागची माया.

त्या दिवशी सकाळीच ऊन मी म्हणत होतं. शाळेला सुट्टी, पण स्वागतगीताच्या मुली आल्या होत्या. मी रांगोळी संपवत होते. लाल कापडात गुंडाळलेली मूर्ती टेम्पोतून उतरली, गुरुजी आले, देणगीदार आले. धोटे साहेबांनी शाळेच्या कौसल्या मावशींना माठ उचलायला पाठवलं. मावशी तशाच परत आल्या.

"साहेब, माठ भरेल आहे. अन् मेश्राम बाई तिथं बसून राहिल्या."

आम्ही सगळे आत गेलो. कोनाड्यात नवाकोरा लाल माठ होता, गळ्याला मोगऱ्याची माळ, झाकणीवर एक आंबा. शेजारी स्टुलावर बाई, मांडीवर छत्री.

"हे काय बाई?" धोटे साहेब वैतागले.

"घागर भरली, साहेब. अखजी आहे."

"तुम्ही? तुम्ही अखजी करता?"

"मी नाही करत. थोरल्या बाई करायच्या." बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांची उंची ती केवढी, पण सभागृह त्यांच्याकडे मान वर करून पाहत असल्यासारखं वाटलं. "त्याईले ना मूल ना बाळ. अखजीले बंद शाळा उघडायच्या अन् हा माठ भरायच्या. आपल्या माणसांच्या नावानं, अन् ज्याईच्या नावानं कोणी भरत नाही त्याईच्याही नावानं. शेवटच्या वर्षी हात कापायचे, म्हणून मी पाणी ओतू लागली. शाळकरी होती मी. त्या हसून म्हणाल्या, 'मी गेल्यावर माझ्या नावानं कोण भरणार गं?' मी म्हटलं, मी भरीन. त्या म्हणाल्या, 'तुमच्यात नाही ना आता हे?'"

बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. मागच्या खुर्चीवरून पुटपुटलेली व्यक्तीही तिथेच उभी होती.

"मी म्हटलं, आमच्यात नाही. तुमच्यात आहे ना."

कौसल्या मावशी पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "दरसाल येतात, साहेब. नवा माठ घेऊन. मीच तं कुलूप उघडून देतो."

आम्हाला कुणालाच हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं सुट्टीच्या दिवशी, भर उन्हात, एक बौद्ध बाई मांडीवर माठ घेऊन ऑटोत बसून येत होती आणि स्वतः मानत नसलेलं एक व्रत एका ब्राह्मण विधवेसाठी चालवत होती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"मी मानत नाही साहेब," बाई म्हणाल्या. "पाणी पितरांपर्यंत जाते असं मले नाही वाटत. पण त्याईनं मानलं होतं. आता तुम्ही सांगा, सकाळी तुमच्या घरी घागर भरली असन, आई-बाबांच्या नावानं?"

"भरली," धोटे साहेब पुटपुटले.

"मग घरी जा, ती उचला अन् मोरीत ओता. ते जमलं की इथं येऊन ही उचला. मी बाजूले होतो."

धोटे साहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी उपरण्यानं मान पुसली. "आज भरलेल्या घागरीला मी तरी हात लावणार नाही, साहेब," ते म्हणाले, आणि मग बाईंकडे वळून, "आणि जरा पाणी द्या हो. फार उकडतंय."

बाईंनी पेला भरून दिला. गुरुजी तोंड लावून प्यायले.

देवी शेवटी ऑफिसच्या बाहेरच्या ओट्यावर बसली. छान दिसते, आजही आहे. स्थापनेला मेश्राम बाई पहिल्या ओळीत उभ्या होत्या आणि टाळ्याही त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. धोटे साहेब नंतर त्यांच्याशी फारसे बोलले नाहीत, पण माठाचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

निवृत्तीनंतर त्या आपल्या मुलाकडे, शहराच्या टोकाला बेसा भागात राहायला गेल्या. नवी सोसायटी, नवी माणसं. संक्रांतीला खालच्या मजल्यावरची मुलगी हळदीकुंकवाला बोलवायला आली तेव्हा म्हणाल्या, "येईन, पण आधीच सांगतो. नवरा नाही मले, अन् मी बौद्ध आहे. चालन?" मुलगी गोंधळली, मग म्हणाली, चालेल. या गेल्या, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, आणि कुंकवाचं बोट कपाळाकडे आलं तसा तळहात पुढे केला. "हातावर द्या. तुमचं मानणं हातावर घेतो. कपाळ माझं आहे." मग तिथल्या बायकाही म्हणे हळूहळू विचारायला लागल्या, कपाळावर की हातावर?

शेवटचं भेटले ते दवाखान्यात. उन्हाळा नुकताच लागला होता. बाई फार वाळल्या होत्या, छत्री खाटेच्या दांड्याला लटकवलेली. मी गेले तेव्हा त्यांना डोळा लागला होता. शेजारच्या खाटेवर खेड्यातली एक आजी होती. तिनं मायेनं आपल्या देवाचा अंगारा बाईंच्या कपाळाला लावला होता. बाईंनी डोळे उघडले, कपाळाला हात लावला, बोटं पाहिली.

"कामठी, पर्समधला रुमाल काढ. दुसरा. पूस वं."

मी पुसलं. आजीचा चेहरा पडला. बाईंनी लगेच तळहात तिच्याकडे पसरला. "आजी, मले इथं द्या. हातावर." आजीनं चिमूटभर अंगारा ठेवला. बाईंनी मूठ मिटली आणि ती छातीवर ठेवली.

मग मला म्हणाल्या, "पुढं अखजी आहे. यंदा मी काही उठत नाही. माठ नवा घेजो, मागच्या सालचा नाही चालत. थोरल्या बाईंच्या नावानं."

"घेईन. आणि बाई..." मी त्यांची चादर सारखी केली. "पुढे कधी तुमच्या नावानंही..."

"खबरदार!" केवढ्यांदा ओरडल्या. नर्स दारात आली. "माझ्या नावानं थेंब टाकशीन तं पाह्य. मी मानत नाही. होतं ते सांगजो वं. बरं दिसते ते नको."

निघताना मी दारातून वळून पाहिलं. बाई कुशीवर वळल्या होत्या, मूठ अजून मिटलेलीच, आणि आजीला विचारत होत्या, "हं, आजी. तुमचा देव कोणता? त्याले तुम्ही काय म्हणून हाक मारता? नीट सांगा, सुरुवातीपासून." आजी उशीला टेकून बसली आणि सांगायला लागली.

अखजीच्या आत बाई गेल्या.

अखजीला मी कामठीहून नवा माठ घेऊन शेअर ऑटोत बसले. कौसल्या मावशींनी कुलूप उघडलं. मी माठ कोनाड्यात ठेवला, मोगरा बांधला, थोरल्या बाईंचं नाव घेऊन पाणी ओतलं. मेश्राम बाईंचं नाव अगदी ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

मावशी मागे उभ्या होत्या. "मेश्राम बाईच्या नावानं टाका ना वं एक लोटा," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "कोण टाकणार मग त्याईच्या नावानं?"

"कुणीच नाही, मावशी. त्या मानत नव्हत्या."

"मग आपण काय करायचं?"

मी पेला भरला आणि त्यांच्या हातात दिला. "पाणी प्या," म्हटलं. त्यांनी पेल्याला तोंड लावलं. मग तोच पेला भरून मी प्यायले.